गुण्यात नसलेल्या खिडक्या

समोरच्या पानठेल्यावाल्यानं पानाला चुना लावता लावता विचारलं, "काय भाऊ, बँक उघडून राहिले का इथं?"

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. हे त्याला ठाऊक होतं की नाही देव जाणे, पण घाव वर्मी बसला. रस्त्याच्या पलीकडे आमच्या संस्थेची इमारत उभी होती आणि तिच्या पूर्वेकडच्या चार खिडक्या आदल्याच दिवशी बदलून झाल्या होत्या. निळी चकचकीत काच, पांढरं अ‍ॅल्युमिनियम, सरकते पल्ले. सकाळचं ऊन त्या काचांवरून उडून थेट ठेल्यावाल्याच्या डोळ्यात जात होतं. त्यानं कात्याच्या डब्याला टेकवून एक पुठ्ठा उभा केला होता. पुठ्ठ्याआडून तो मला हे विचारत होता.

वाईट याचं वाटलं की त्या चार खिडक्यांच्या ठरावावर माझी सही होती.

इमारतीचं नाव सांगत नाही. जुन्या नागपुरात रिक्षावाल्याला नुसतं "दगडी इमारत" म्हटलं की तो पुढचं विचारत नाही. आजूबाजूची मंगल कार्यालयं पत्रिकेत "दगडी इमारतीच्या मागे" असं छापतात. खाली सभागृह, वर वाचनकक्ष. वय शंभरीला टेकलेलं, नाव शहराच्या वारसा यादीत. आणि खिडक्या अठ्ठावीस. त्यांतली प्रत्येक म्हणजे खरं तर तीन खिडक्या: बाहेरून झिलमिलीचे, म्हणजे आडव्या तिरप्या पट्ट्यांचे, दोन पल्ले, आतून काचेचे दोन पल्ले आणि वर कमानीत बसवलेलं रोशनदान. हे रोशनदान मधल्या खिळीवर फिरतं. त्याची दोरी खाली लोंबते, ओढली की उघडतं, सैल सोडली की मिटतं. लहानपणी ती दोरी ओढायला मिळावी म्हणून आम्ही वाचनकक्षात जायचो. वाचायला जायचो हे घरी सांगायचं कारण.

मग सही का केली? तर कबुतरं. झिलमिलीच्या तुटलेल्या पट्ट्यांतून ती आत यायची आणि संदर्भग्रंथांच्या कपाटावर संसार मांडायची. पावसाळ्यात पल्ले फुगून बसायचे, उन्हाळ्यात आकसून खडखडायचे. चिटकन्या गळून पडल्या होत्या, कब्जे गंजले होते, आणि डेंग्यूच्या दिवसांत संध्याकाळी वाचनकक्षात बसणं म्हणजे रक्तदानच. मी स्वतः माझ्या लक्ष्मीनगरच्या फ्लॅटला सरकत्या खिडक्या बसवल्या होत्या. पुसायला सोप्या, रंगाची कटकट नाही. अ‍ॅल्युमिनियम काही पाप नाही. बैठकीत कुणी तरी "इमारतीचं रूप?" असं पुटपुटलं, तेव्हा मीच म्हणालो होतो, "रूप भिंतीचं असते हो. खिडकी म्हणजे भोक. भोकाला काय रूप?"

हे वाक्य आता माझ्या घरात मला वर्षातून दहादा ऐकवलं जातं.

भोकालाच रूप असतं, हे मला पानठेल्यावर उभं राहून कळलं. जुन्या खिडक्या अठरा इंची भिंतीत बऱ्याच आत बसवलेल्या होत्या. त्यामुळे प्रत्येकीच्या वरच्या आणि एका बाजूच्या कडेला सावलीची जाड पट्टी पडायची आणि दिवसभर सूर्याबरोबर सरकत राहायची. दगडाची भिंत जाड आहे हे आपल्याला भिंतीकडे पाहून कळत नाही, त्या सावलीवरून कळतं. सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेलं आपलं रेल्वे स्टेशन, १९२५ मध्ये सुरू झालेलं, उन्हं कलल्यावर एकदा निवांत पाहा. सगळा दगड एकाच रंगाचा, तरी नजर खिळून राहते, कारण जागोजागी अंधार कोरलेला आहे. १९४० साली उघडलेल्या आपल्या हायकोर्टाचंही तेच. वास्तुकार हेन्री मेडनं काढलेल्या त्या नकाशात दगडाइतकंच काम सावलीला दिलेलं आहे. आमच्या कंत्राटदारानं मात्र नव्या चौकटी भिंतीच्या बाहेरच्या कडेला सपाट आणून बसवल्या. आत ऐसपैस कट्टा मिळतो म्हणे, कुंड्या ठेवायला. सावली गेली, आणि दीड फूट दगडाची इमारत एकदम पत्र्याच्या डब्यासारखी दिसायला लागली.

दुसरी गंमत मापाची. त्यानं एका खिडकीचं माप घेतलं आणि अठ्ठावीसनं गुणलं. त्याच्याकडे गुणाकार होता, गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं साधन) नव्हता. शंभर वर्षांपूर्वी हातानं रचलेल्या दगडात कुठलीच दोन भोकं सारखी नसतात. एक तीन सूत रुंद, एक पाच सूत तिरकं, एक वरून बरोबर आणि खालून ढळलेलं. (नव्या पिढीसाठी: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्री लोकांची टेप मिलिमीटरची असली तरी तोंड अजून सुतातच बोलतं.) फटी राहिल्या त्या सिलिकॉननं बुजवल्या. वरच्या कमानीत चौकोनी चौकट बसेना, म्हणून कमानीचा अर्धचंद्र प्लायवूडनं बंद करून त्यावर पांढरा रंग मारला. रोशनदान गेलं. दोरी गेली.

दोरीची किंमत एप्रिलात कळली.

नागपुरात खिडकीचं पहिलं काम कूलर पोटात घेणं हे आहे, बाहेरचं दाखवणं नंतरचं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या खसातून ओढून थंड करतो आणि आत फेकतो. पण ती आत आलेली ओली हवा कुठून तरी बाहेर जायला पाहिजे, नाही तर अर्ध्या तासात खोलीची मुंबई होते. कूलर नव्हते तेव्हाही आपल्याकडे दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी मारत, आणि गरम हवा वरून निघून जायला रोशनदान उघडं ठेवत. म्हणजे ती दोरी ही आमच्या वाचनकक्षाची चिमणी होती, आणि आम्ही तिच्यावर प्लायवूड ठोकलं होतं. सरकत्या खिडकीचा एक पल्ला उघडला की दुसऱ्याच्या मागे जाऊन बसतो, म्हणजे कायम अर्धीच खिडकी उघडी. त्या अर्ध्यात कूलर बसला. हवा जाणार कुठून? आठवड्याभरात जुनी पुठ्ठा-बांधणीची पुस्तकं कमरेत वाकली. रोज येणारे एक आजोबा पेपर हातात धरून म्हणाले, "हा पेपर आहे का पापड, दमट झालेला?"

पूर्वेच्या बाजूला आणखी एक प्रकार. झिलमिली काचेच्या बाहेर असते, म्हणजे ऊन काचेला लागायच्या आधीच अडतं. पडदा काचेच्या आत असतो, म्हणजे ऊन आत आल्यावर आपण त्याच्यावर कापड घालतो. उष्णता तोवर घरात शिरलेली असते. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपट सहज वाहते हे मी नंतर वाचलं, पण मे महिन्यात सकाळी दहा वाजता त्या चौकटीला हात लावला तेव्हाच समजलं होतं. ज्या गावात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ ला गेला, त्या गावात हा शोध लागायला मला एवढी वर्षं का लागली कोण जाणे. (२०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवतं? हवामान खात्यानं मागाहून यंत्राचा दोष सांगितला. आमच्या ठेल्यावाल्याचा मात्र त्या यंत्रावर अजून पूर्ण विश्वास आहे.)

दरम्यान एक पत्र आलं. वारसा यादीतल्या इमारतीचं बाह्यरूप बदलायचं तर आधी परवानगी लागते, ती आम्ही घेतली नव्हती. खिडकी ही दुरुस्ती धरायची की बदल, यावर आमच्या सचिवांनी दोन पानी उत्तर लिहिलं. ते मी वाचलं आणि म्हटलं, पाठवू नका. चूक आपली आहे. काम थांबलं. चोवीस खिडक्या वाचल्या त्या आमच्या शहाणपणानं नव्हे, पत्रानं.

मग मिस्त्री आला. भंडाऱ्याकडचा, साठीच्या पुढचा, आमच्या एका सभासदाच्या वाड्याचा सज्जा त्यानं सांधला होता. आल्या आल्या त्यानं कुठल्याही खिडकीकडे न बघता पिशवीतून पेचकस काढला आणि अकराव्या खिडकीच्या चौकटीला खालून वर टोचत निघाला. सर्वांत खाली, जिथं पाणी साचायचं तिथं, पेचकस लोण्यात गेल्यासारखा दीड इंच आत गेला. चार बोटं वर अर्धा इंच. वीतभर वर गेल्यावर टक् आवाज आला आणि पेचकस परत फिरला. तिथून कमानीपर्यंत टक् टक् टक्.

"सहा इंचासाठी सहा फुटाची खिडकी फेकून राहिले काय तुमी साहेब?"

मी काय बोलणार? तो पल्ला उतरवला आणि अंगणातल्या घोडीवर आडवा घातला. दुपारभर मी तिथं खुर्ची टाकून बसलो होतो. मिस्त्रीनं आधी पाण्याचा फवारा मारला आणि मग रंग खरवडायला घेतला. मी म्हटलं, कोरडाच घासा, लवकर होईल. तो म्हणाला, "नाही ना बाप्पा. जुन्या रंगात शिसं राहते. उडलं का नाकात जाते. माह्या बापाले खोकला तेच्यानंच झाला होता." वडिलांच्या खोकल्याचं निदान बरोबर की चूक मला सांगता येणार नाही, पण शिशाचं त्याचं म्हणणं पक्कं. जुन्या तैलरंगांत शिसं सर्रास असायचं. त्याची धूळ विषारी, आणि दिव्यानं जाळून रंग काढला तर वाफही विषारी. म्हणून ओलं खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, आणि अंगणात पोरंसोरं खेळू द्यायची नाहीत.

वरचा करडा निघाला, खाली चॉकलेटी. त्याखाली सरकारी हिरवा, त्याखाली पुन्हा हिरवा पण गडद, बाटलीसारखा. सर्वांत खाली लाकूड. आणि लाकडावर, वरच्या कोपऱ्यात, छिन्नीनं मारलेल्या बारीक उभ्या रेघा. मिस्त्रीनं अंगठ्यानं पुसून मोजल्या. अकरा. मग शिडीवर चढून त्यानं चौकटीच्या त्याच कोपऱ्यातला रंग पटाशीनं हळूच उचलला. तिथंही अकरा.

म्हणजे ज्यानं ही खिडकी केली त्याला भोकं सारखी नाहीत हे माहीत होतं. त्यानं दगडाला सरळ करायचा हट्ट धरला नाही, प्रत्येक भोकासाठी वेगळा पल्ला केला आणि अदलाबदल होऊ नये म्हणून खूण घातली. मिस्त्रीनं पल्ल्याला गुण्या लावला तर तो गुण्यात नव्हता, तीन सूत ढळलेला. "मुद्दाम केला हाये," तो म्हणाला. चौकटही त्याच बाजूला तेवढीच ढळलेली होती.

पल्ल्यात एक खिळा नव्हता. कुसू, म्हणजे एका लाकडाची पुढे काढलेली जीभ, दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं आणि आरपार लाकडी खुंटी. खुंटी मागून ठोकली की सांधा उघडतो, सडलेला तुकडा काढून नवा घालता येतो, पुन्हा खुंटी मारली की पहिल्यासारखं. दुरुस्त करता यावी म्हणूनच केलेली वस्तू. अ‍ॅल्युमिनियमच्या त्या चार खिडक्यांतल्या एकीचं चाक तिसऱ्याच महिन्यात तुटलं, तेव्हा ते मॉडेल बंद झालं आहे, आख्खा पल्ला बदलावा लागेल असं दुकानदार म्हणाला.

काचेचीही एक गोष्ट. अकराव्या खिडकीच्या आठ तावदानांपैकी पाच मूळची होती. त्यांतून समोरचा पिंपळ पाहिला की पानं पाण्याखाली असल्यासारखी हलतात, आपण मान हलवली तर. काच हळूहळू खाली ओघळते म्हणून जुनी तावदानं अशी होतात, असं आमचे विज्ञानाचे मास्तर सांगायचे. ते खरं नाही. काच ओघळत नाही, ती तयार होतानाच तशी असते. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून आरशासारखी सपाट करायची रीत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ मध्ये जाहीर केली. त्याच्या आधीची साधी काच थोडी लाटा घेऊनच यायची. आम्ही सगळ्या खिडक्यांतली मिळून शाबूत राहिलेली जुनी तावदानं मोजली आणि ती सगळी रस्त्याच्या बाजूला लावली. मागच्या अंगणाकडे नवी काच. तावदान बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, मिस्त्रीनं स्वतः मळली, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, चकलीच्या पिठासारखा गोळा. विदर्भात जवस चटणीत जातो हे ठाऊक होतं. खिडकीतही जातो हे साठीनंतर कळलं.

सरळ चाललेल्या कामात भांडण निघालं नाही तर ती नागपूरची समिती कसली? आमच्यातले एक इंजिनीअर सभासद लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या खिडक्यांचं पुस्तक घेऊन आले. "दिसायला सेम टू सेम. रस्त्यावरून कोणाला समजते?" त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. पण त्या खिडकीच्या काचेमधल्या पट्ट्या अडीच इंची होत्या, आमच्या सव्वा इंचाहूनही बारीक. आठ तावदानांच्या खिडकीत त्या हिशेबानं केवढा उजेड जातो ते त्यांनीच कागदावर मांडलं आणि पुस्तक मिटलं. मग म्हणाले, एवढी जुनी वस्तू सांधत बसणं मागासलेपणाचं लक्षण आहे, अमेरिकेत कोणी असं करणार नाही. मी त्या दिवसांत बरंच वाचत होतो, त्यामुळे उत्तर तयार होतं. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ६,५१४ खिडक्यांच्या काचा काढल्या, फेकल्या नाहीत. त्याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर कारखाना मांडून, मध्ये उष्णता अडवणारा पातळ पडदा आणि वायू भरून, त्यांतल्या जवळजवळ सगळ्या काचा पुन्हा जागेवर बसवल्या. इंजिनीअर साहेबांनी मोबाइलवर खातरजमा केली आणि त्या दिवसापासून ते आमच्यापेक्षा कडक झाले. मच्छरजाळीचे पल्ले आतल्या बाजूनं, काढता-घालता येतील असे, बाहेरून न दिसणारे: ही त्यांची कल्पना आणि त्यांचंच ड्रॉइंग.

खजिनदार मात्र शेवटपर्यंत कुरकुरले. लाकूड थोडं आणि मजुरी फार, हे त्यांच्या वहीत बसत नव्हतं.

लाकडाचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. बल्लारशाहच्या सागवानाचं नाव सगळीकडे. नागपूरचं सागवान दिल्लीच्या नव्या संसद भवनाला गेलं, आलापल्लीचं जंगल आपल्याच मागे, आणि मला सहा इंचाच्या ठिगळासाठी लाकूड मिळेना. मिळत होतं, पण मिस्त्री ते नखानं दाबून परत करायचा. लवकर वाढवलेल्या झाडाच्या लाकडात बाहेरचा पांढरा भाग जास्त, आणि वाळवीला तोच आवडतो. आतलं तेलकट, पक्कं लाकूड झाड म्हातारं झाल्यावर वाढतं. शेवटी तो मला जुनं लाकूड विकणाऱ्याकडे घेऊन गेला. तिथं तुळया रचून ठेवल्या होत्या, काही काजळीनं काळ्या, एकीवर हळदीकुंकवाची बोटं अजून दिसत होती. कुठल्या तरी वाड्याचं देवघर असावं. विचारलं तर म्हणाला, महाल भागातला वाडा, दिवाळीनंतर पाडला, तिथं आता पाच मजली उठेल.

मी त्या तुळईकडे बघत उभा राहिलो. भोसल्यांचा लाकडी कोरीवकामाचा मोठा वाडा १८६४ च्या आगीत गेला, ते आपण हळहळून सांगतो. ही आग मात्र रोज थोडी थोडी लागते आणि तिची राख मोजून विकली जाते. आमच्या इमारतीच्या खिडक्या वाचवायला मी दुसऱ्या घराची तुळई विकत घेत होतो. मिस्त्रीनं कोपऱ्यात वाकस मारून बघितलं, आतून मधासारखा रंग निघाला. "घ्या साहेब," तो म्हणाला, "आपण नाही घेतली तं फर्निचरवाला नेते."

घेतली.

चोवीसपैकी पाच खिडक्या टोचून टोचून पाहिल्या तरी वाचण्यासारख्या नव्हत्या. त्या नव्यानंच कराव्या लागल्या, त्याच तुळयांतून, त्याच जाडीच्या, प्रत्येकीच्या भोकाच्या वाकडेपणासकट. नव्या पल्ल्यांच्या कडेला, मिटल्यावर दिसणार नाही अशा जागी, मिस्त्रीनं साल कोरलं. शंभर वर्षांनी कुणी उघडली तर त्याला जुनी कोणती आणि नवी कोणती हे समजावं. अ‍ॅल्युमिनियमच्या चार अजून तिथंच आहेत. त्यांचे मूळ पल्ले कंत्राटदारानं भंगारात घातले होते. पैसे जमले की त्याही करू. ठेल्यावाल्याचा पुठ्ठा तोवर उभा आहे.

गेल्या श्रावणात तीन दिवस झड लागली आणि अकरावी खिडकी फुगून बसली. मिटेना. सचिवांचा फोन, खजिनदारांचा फोन: एवढा खर्च करून हेच का? मी मिस्त्रीला फोन लावला आणि म्हटलं, रंधा घेऊन या, दोन सूत काढून टाका.

"काऊन?" तिकडून आवाज आला. "आता काढलं तं उन्हाळ्यात फट पडन. दसऱ्यापर्यंत थांबा."

तर सध्या ती खिडकी सुतळीनं बांधलेली आहे. पेपरवाले आजोबा रोज गाठ सोडतात, पल्ला मिटतो का बघतात, आणि पुन्हा बांधतात.